काठी डाव्याच हातात का, आणि पंधरा किलोच्या बादलीने कमर का धरली?

तुमचे प्रश्न तीन आहेत. ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या आईंचे वय ६२ आणि वजन ६० किलो आहे. त्यांच्या उजव्या खुब्याची झीज झाली असून डॉक्टरांनी काठी डाव्या हातात धरायला सांगितली आहे. परंतु 'दुखतो उजवा खुबा, मग आधार डावीकडे कशाला?' असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे त्या काठी उजव्याच हातात धरतात. तुम्ही स्वतः व्यायामशाळेत ४० किलोचा बार नियमित उचलता, तरीही सकाळी उठल्याउठल्या न्हाणीघरातली १५ किलोची बादली उचलताना तुमच्या कमरेत उसण भरली. शिवाय सिंहगड चढताना तुम्हाला काही त्रास होत नाही, उतरताना मात्र गुडघे दुखतात. तिन्ही ठिकाणी 'असे करा, तसे करू नका' एवढेच सांगितले गेले आणि कारण कोणी सांगितले नाही, ही तुमची तक्रार मला रास्त वाटते. कारण कळले नाही की सल्ला चार दिवस टिकतो आणि मग मागे पडतो, हे मी २६ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना रोज पाहत आलो आहे.

तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. आपल्या सांध्यांवर जो भार येतो, त्याचा मोठा वाटा बाहेरच्या वजनाचा नसून आपल्याच स्नायूंच्या ओढीचा असतो, आणि स्नायूंना किती ओढावे लागणार हे वजनापेक्षा त्या वजनाच्या सांध्यापासूनच्या अंतरावर अधिक अवलंबून असते. हे एक वाक्य पटले, तर पुढचे सगळे केवळ गणित आहे, आणि ते गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही.

शाळेत शिकलेली तरफ आठवा. टेकू, भार आणि बल ही तिची तीन अंगे आहेत. पहारीने धोंडा हलवताना आपण टेकू धोंड्याजवळ ठेवतो आणि पहारीचे लांब टोक हातात धरतो, त्यामुळे थोड्या बळाने मोठा धोंडा हलतो. बल आणि टेकूपासूनचे त्याचे लंब अंतर यांच्या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात, आणि तरफ स्थिर राहायची असेल, तर दोन्ही बाजूंची आघूर्णे समान असावी लागतात. शरीरात हाडे म्हणजे दांडे, सांधे म्हणजे टेकू आणि स्नायू म्हणजे बल. मात्र निसर्गाने ही पहार उलटी धरली आहे. आपले बहुतेक स्नायू सांध्यापासून अगदी चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेले असतात, तर उचलायचे वजन दूर, हाताच्या किंवा पायाच्या टोकाला असते. ही चिमट्याच्या जातीची, म्हणजे तिसऱ्या प्रकारची तरफ होय.

एक उदाहरण संख्यांसह पाहू. (एक किलो वजन म्हणजे साधारण १० न्यूटन बल, असे मी सर्वत्र धरतो, नेमका आकडा ९.८ आहे, पण आपल्या कामाला १० पुरेसा आहे.) कोपर काटकोनात वाकवून तळहातावर ५ किलोची पिशवी धरली आहे. पिशवीचे ५० न्यूटन कोपरापासून सुमारे ३२ सेंटिमीटरवर आहेत, म्हणून त्यांचे आघूर्ण १,६०० न्यूटन-सेंटिमीटर झाले. हाताच्या पुढच्या भागाचे स्वतःचे वजन १३ न्यूटन असून ते १५ सेंटिमीटरवर आहे, त्याचे सुमारे २०० झाले. ही एकूण १,८०० ची बेरीज दंडाच्या पुढच्या स्नायूला एकट्याने पेलायची आहे, आणि तो कोपरापासून जेमतेम साडेचार सेंटिमीटरवर ओढतो. भागाकार केला की उत्तर ४०० न्यूटन येते. म्हणजे हातात ५ किलो असताना स्नायू ४० किलोइतके ओढतो, आणि या ओढीने कोपराची हाडे एकमेकांवर ३३० ते ३४० न्यूटनने दाबली जातात. सतराव्या शतकात जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने ही गोष्ट प्रथम पद्धतशीरपणे मांडली. त्याचा ग्रंथ १६७९ मधील त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. स्नायू थोड्या बळाने मोठी वजने उचलतात, असा त्याआधीचा समज होता. बोरेल्लीने हिशेब मांडून दाखवले की, वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

निसर्गाने असे का केले, हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. स्नायूला फार आखडता येत नाही. वरच्या उदाहरणात तो एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात सेंटिमीटर वर जातो, आणि तेवढ्याच वेळात जातो. म्हणजे बळाची किंमत मोजून शरीराने वेग आणि हालचालीचा पल्ला विकत घेतला आहे. दगड फेकता येणे, धावता येणे, झटकन हात मागे घेता येणे हे सर्व या व्यवहारातून आले आहे. त्याची किंमत सांधे मोजतात.

आता तुमच्या आईंच्या खुब्याकडे येतो, कारण हा प्रश्न तिघांत सर्वांत महत्त्वाचा आहे.

दोन्ही पायांवर सरळ उभे असताना खुब्यांवरचा भार अगदी कमी असतो. एका पायाचे वजन शरीराच्या साधारण एक षष्ठांश धरले, तर ६० किलोच्या व्यक्तीत दोन्ही पाय वगळून ४०० न्यूटन उरतात आणि प्रत्येक खुब्यावर २०० न्यूटन येतात. परंतु चालणे म्हणजे आळीपाळीने एका पायावर उभे राहणे. उजवा पाय जमिनीवर आणि डावा हवेत असतो, त्या क्षणी धड, डोके, हात आणि डावा पाय असे मिळून ५०० न्यूटन वजन एकट्या उजव्या खुब्यावर तोलायचे असते. या वजनाचा गुरुत्वमध्य खुब्याच्या केंद्रापासून आतल्या बाजूला सुमारे १० सेंटिमीटरवर पडतो, त्यामुळे कटीचा भाग डावीकडे कलंडू पाहतो. त्याला कलंडू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात आणि त्यांची भुजा, म्हणजे टेकूपासूनचे लंब अंतर, सुमारे ५ सेंटिमीटरच आहे. वजन दुप्पट अंतरावर असल्यामुळे स्नायूंना दुप्पट, म्हणजे १,००० न्यूटनने ओढावे लागते. सांध्यावर वजनाचे ५०० आणि स्नायूंचे १,००० असे १,५०० न्यूटन येतात, म्हणजे संपूर्ण शरीराच्या वजनाच्या अडीचपट.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जर्मन अस्थिशल्यचिकित्सक फ्रीड्रिश पाउवेल्स यांनी १९३० च्या दशकात असा हिशेब मांडला, आणि पुढे बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्याच्या आतच संवेदक बसवून रुग्ण चालत असताना प्रत्यक्ष मोजमाप केले. सपाट जमिनीवर चालताना त्यांना भाराचे शिखर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपासच आढळले. एक रुग्ण अचानक अडखळला, तेव्हा तोच भार सातपटींहून अधिक झाला, कारण तोल सावरण्यासाठी सगळे स्नायू एकाच वेळी आवळले गेले. पडण्यापासून जपा असे आम्ही सांगतो, तेव्हा हाड मोडण्याची भीती असतेच, पण न पडता नुसते अडखळणेही झिजलेल्या सांध्याला फार महाग पडते.

आता काठी डाव्या हातात द्या. काठीवर ६ किलोचा, म्हणजे ६० न्यूटनचा दाब दिला की जमीन तेवढ्याच बळाने वर ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. डावा हात उजव्या खुब्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर असतो, त्यामुळे या छोट्या बळाचे आघूर्ण २,४०० न्यूटन-सेंटिमीटर होते आणि ते कटीला डावीकडे कलंडण्यापासून थेट अडवते. वजनाचे आघूर्ण ५,००० होते, त्यातून २,४०० वजा झाले आणि स्नायूंच्या वाट्याला २,६०० राहिले. ५ सेंटिमीटरने भागल्यावर ओढ १,००० वरून ५२० न्यूटनवर आली. सांध्यावरचा भार ५०० अधिक ५२० उणे ६०, म्हणजे ९६० न्यूटन. हाताने ६ किलो दाबले आणि खुब्यावरचे ५४ किलो उतरले. माझ्या व्यवसायात एवढ्या स्वस्तात एवढा लाभ देणारे दुसरे साधन मला माहीत नाही, म्हणून ते चुकीच्या हातात पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

काठी उजव्या हातात धरली तर काय होते? काठी आता खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, जवळच आहे. तिथून वर येणारे बल कटीला वर ढकलते ते उजव्या बाजूला, म्हणजे डावीकडचे कलंडणे थांबवण्याऐवजी त्याला हातभार लावते. त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर संपूर्ण धड उजवीकडे काठीवर झुकवावे लागते, आणि बहुतेक रुग्ण तेच करतात. तुमच्या आई चालताना उजवीकडे झुकत असतील, तर त्यामागचे कारण हेच आहे. असे झुकण्याला लोक लंगडणे म्हणतात आणि ते सुधारावे म्हणून घरची माणसे 'सरळ चाल' असे टोकत राहतात. मला हे टोकणे अन्यायाचे वाटते. धड दुखऱ्या बाजूला झुकवल्याने गुरुत्वमध्य खुब्याजवळ येतो; १० सेंटिमीटरची भुजा ५ वर आली, की स्नायूंची ओढ निम्मी होते आणि सांध्यावरचा भार १,५०० वरून १,००० न्यूटनवर उतरतो. कोणी न शिकवता शरीराने शोधलेला हा उपाय आहे. अडचण एवढीच की, त्याचा ताण पुढे कमरेच्या मणक्यांवर आणि दुसऱ्या गुडघ्यावर पडतो. डाव्या हातातली काठी तेच काम धड न झुकवता करते. (खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे हे स्नायू फारच दुबळे असले, तर एका पायावर उभे राहताना विरुद्ध बाजूची कटी खाली घसरते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे लक्षण वर्णिले आणि आजही आम्ही तपासणीची सुरुवात त्यानेच करतो.)

याच हिशेबातून पिशवीची बाजूही ठरते. भाजीची पिशवी डाव्या हातात घेतली, तर तिचे वजन उजव्या खुब्यापासून ४० सेंटिमीटरवर खाली ओढते आणि काठीने जे मिळवले ते सगळे घालवते. पिशवी उजव्या हातात, दुखऱ्या बाजूलाच घेतली, तर तिचे वजन खुब्याच्या बाहेर पडते आणि स्नायूंना थोडी मदतच करते. म्हणून काठी डावीकडे आणि पिशवी उजवीकडे. ऐकायला उलटे वाटते, पण तराजूची दोन पारडी डोळ्यांसमोर आणली की पटते.

त्यांना व्यायाम म्हणून कुशीवर झोपून पाय सरळ ठेवून वर उचलायला कोणी सांगितले असेल, तर तोही एकदा या तरफेवर तपासून घ्या. पायाचे वजन १०० न्यूटन आणि त्याचा गुरुत्वमध्य खुब्यापासून सुमारे ३६ सेंटिमीटरवर धरला, तर त्याच स्नायूंना ७०० न्यूटनहून अधिक ओढावे लागते, म्हणजे काठी घेऊन चालण्यापेक्षा जास्त. 'झोपून करायचा म्हणजे हलका व्यायाम' असा समज रुग्णांचाच नव्हे, तर आमच्यातील नवख्यांचाही असतो. दुखणे तीव्र असताना गुडघे वाकवून, पावले एकत्र ठेवून फक्त वरचा गुडघा उघडण्याचा व्यायाम करावा. भुजा आखूड झाल्याने ओढ कमी होते. दुखणे ओसरले की सरळ पायाकडे यावे, कारण हे स्नायू बळकट होणे तितकेच आवश्यक आहे.

आता तुमची बादली.

४० किलो पेलणारी कमर १५ किलोला का हटली, हे समजण्यासाठी तुमच्या स्वतःच्या धडाचे वजन हिशेबात घ्यावे लागेल. ते लोक नेहमी विसरतात. ६० किलोच्या माणसात कमरेच्या वरचा भाग सुमारे ३२ किलो भरतो. तुमचे वजन अधिक असेल, तर आकडे त्या प्रमाणात वाढवा. माणूस गुडघे ताठ ठेवून पुढे वाकला, की धडाचा गुरुत्वमध्य कमरेच्या मणक्यांपासून सुमारे २५ सेंटिमीटर पुढे जातो आणि ८,००० न्यूटन-सेंटिमीटर आघूर्ण निर्माण होते. पाठीचे स्नायू मणक्याच्या केंद्रापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे आहेत. म्हणजे हातात काहीही नसताना, नुसते जमिनीवर पडलेले पेन उचलायला वाकले, तरी स्नायू १,६०० न्यूटनने ओढतात आणि मणक्यांमधली गादी तितकी दाबली जाते. म्हणूनच 'मी काही उचललेच नव्हते, नुसता वाकलो होतो' असे सांगणाऱ्या रुग्णावर मी पूर्ण विश्वास ठेवतो.

बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात, नळाखाली असते. आपण पाटाच्या अलीकडून हात लांब करून ती ओढतो. त्या वेळी ती कमरेपासून ४५ सेंटिमीटरवर असेल, तर तिच्या १५० न्यूटनांचे आघूर्ण ६,७५० होते. एकूण १४,७५० झाले, आणि स्नायूंची ओढ २,९५० न्यूटन. वरून खुद्द वजनाचा दाब वेगळा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेने १९८१ मध्ये कमरेच्या मणक्यावरील दाबासाठी ३,४०० न्यूटन ही सावधगिरीची रेषा आखली होती. तुमची बादली त्या रेषेच्या अगदी जवळ पोहोचली होती. त्याच संस्थेच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात आदर्श परिस्थितीत उचलायचे कमाल वजन २३ किलो धरले आहे, पण ते वजन शरीरापासून २५ सेंटिमीटरच्या आत असेल तरच. अंतर वाढले की मर्यादा त्याच प्रमाणात घटते; ४५ सेंटिमीटरवर ती जेमतेम १२.८ किलो उरते. त्यात वळून उचलणे आणि जमिनीलगतून उचलणे यांची वजावट धरली, तर ती आणखी खाली येते. व्यायामशाळेतला बार तुमच्या नडगीला घासत वर येतो, तुम्ही समोर तोंड करून उभे असता, शरीर तापलेले असते आणि मन त्याच कामावर असते. म्हणजे तुमच्या कमरेने त्या सकाळी पेललेला भार व्यायामशाळेतल्यापेक्षा हलका होता असे समजू नका.

सकाळ हीदेखील एक स्वतंत्र गोष्ट आहे. मणक्यांमधल्या गाद्या रात्री आडवे असताना पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी रात्रीपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटर उंच असतो, ते यामुळेच. फुगलेली गादी ताठ असते, आणि त्या स्थितीत वाकले की तिच्यावर व भोवतालच्या अस्थिबंधांवर दिवसातल्या इतर वेळांपेक्षा बराच अधिक ताण येतो. उंचीतली ही वाढ उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक उतरते. उसण भरल्याची जी प्रकरणे माझ्याकडे येतात, त्यांत सकाळच्या पहिल्या तासातली किती असतात हे पाहून मी रुग्णांना आता गुडघे वाकवण्याआधी घड्याळाचा सल्ला देतो: पाणी भरणे, अंथरूण गुंडाळणे, गाडी पुसणे ही वाकण्याची कामे उठल्यावर तासाभराने करावीत.

'गुडघे वाकवून उचला' हा सल्ला मात्र मला अर्धवट वाटतो. बादली दोन पावलांच्या मध्ये घेऊन, गुडघे व खुबे वाकवून उचलली, तर धड कमी झुकते. धडाची भुजा १८ आणि बादलीची २५ सेंटिमीटर धरली, तर एकूण आघूर्ण सुमारे ९,५०० आणि स्नायूंची ओढ १,९०० न्यूटन होते. एक तृतीयांशाहून अधिक बचत झाली. परंतु वस्तू इतकी रुंद असेल की ती गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही, तर गुडघे वाकवल्याने ती उलट आणखी पुढे जाते आणि फायदा संपतो. बचत गुडघ्यांमुळे होत नसून जवळिकीमुळे होते. जर्मनीतील उल्म येथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या मणक्यांमधल्या गादीत दाबमापक बसवून पाहिले. सरळ उभे असताना ०.५ मेगापास्कल (हे दाबाचे एकक), २० किलो वजन पाठ वाकवून उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि तेच वजन अंगाला लावून धरले असताना १.१ असा दाब होता. प्रयोग एकाच माणसावरचा आहे हे ध्यानात ठेवून बोलायचे, तरी आकडे आपल्या हिशेबाच्या दिशेनेच जातात.

आपल्याकडच्या श्रमाच्या पद्धतींकडे या नजरेने पाहिले की त्यांतले शहाणपण आणि सोसणे दोन्ही दिसते. बाजारपेठेतला माथाडी कामगार पोते पाठीवर आणि मानेवर घेतो, हातांत पुढे धरून चालत नाही. घागर डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या मणक्यावर घागरीचे वजन सरळ उतरते, त्याला भुजा जवळजवळ नसतेच. मानेला ते सोसावे लागते, पण कमरेच्या स्नायूंना वेगळे ओढावे लागत नाही. याउलट कोकणात भाताची लावणी करणाऱ्या बायका दिवसच्या दिवस चिखलात वाकलेल्या असतात. त्यांच्या हातात रोपांची मूठभर जुडी असते, वजन म्हणावे असे काही नसते, तरी धडाची ती पंचवीस सेंटिमीटरची भुजा तासन्‌तास कायम राहते. त्यांच्या कंबरदुखीला 'जड काम तर काही नाही' म्हणणाऱ्याने एकदा हा हिशेब करून पाहावा.

गडाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर नेतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच आवळून धरतो आणि शरीराला आवरतो, एखाद्या गाडीच्या ब्रेकसारखा. असे ताणत ताणत काम करताना स्नायू अधिक बल निर्माण करू शकतो, पण त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजाही अधिक होते. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या यामुळे. गुडघ्याची वाटी ही कप्पीसारखी आहे. ती स्नायूची भुजा वाढवते, म्हणून उपकारकच आहे, पण गुडघा जितका वाकेल आणि स्नायू जितका ओढेल, तितकी ती मागच्या हाडावर दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब अंदाजे शरीराच्या वजनाच्या निम्मा असतो, पायऱ्यांवर तिप्पट आणि खोल बैठकीत सातपटीच्या आसपास जातो.

उतरणीवर दुसरी गोष्ट आदळण्याची. अर्धा मीटर उंच दगडावरून उडी मारून ताठ गुडघ्यांनी अवघ्या ५ सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर जमिनीचे सरासरी बल शरीराच्या वजनाच्या ११ पट होते. गुडघे, खुबे, घोटे वाकवून तेच थांबणे ४० सेंटिमीटरमध्ये पसरवले, तर ते सव्वादोन पटीवर येते. परंतु असे वाकून थांबण्यासाठी मांडीत बळ लागते. थकलेल्या मांड्या वाकायचे टाळतात, माणूस ताठ पायाने उतरू लागतो आणि गुडघ्याला धक्के बसू लागतात. म्हणून गुडघे दुखू लागतात ते पहिल्या वळणावर नव्हे, शेवटच्या टप्प्यात. लहान पावले टाका, थांबत उतरा, दोन काठ्या घ्या, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस पायरीवरून सावकाश खाली उतरण्याचाच व्यायाम करा. वजन जास्त असेल, तर हेही सांगतो की, गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात प्रत्येक किलो वजन घटल्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटलेला आढळला. याचे कारणही तेच, स्नायूंची वाचलेली ओढ.

एवढे आकडे वाचून भाराचीच धास्ती घेऊ नका. हाड त्याच्यावर येणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, आणि त्याचा पुरावा अंतराळवीरांनी नकळत दिला. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. खुबा दुखतो म्हणून तुमच्या आई अंथरुणाला खिळल्या, तर स्नायू दुबळे होतील, तोल जाईल आणि उद्याचे अडखळणे जवळ येईल. त्यांनी चालायलाच हवे. तुम्हीही उसण उतरल्यावर व्यायामशाळेत परत जा. ४० किलो तुमच्या कमरेचे शत्रू नाहीत. मात्र कमरेतली कळ पायात पोटरीखाली उतरत असेल, पाय किंवा पाऊल लुळे वाटत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखे वाटत असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आईंसाठी काठीचे माप असे घ्या: त्या चपला घालून सरळ उभ्या असताना आणि हात मोकळा सोडलेला असताना काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यावी, म्हणजे काठी धरल्यावर कोपर २० ते ३० अंशांत वाकेल. खालचे रबर झिजलेले नसावे. काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे पडावेत, मग डावा पाय. पहिले आठ दिवस हे चुकत राहते. टोकू नका, बरोबर चाला. आणि ६ किलोचा दाब म्हणजे नेमका किती, हे त्यांच्या हाताला कळावे म्हणून घरातला वजनकाटा भिंतीजवळ जमिनीवर ठेवा. त्या जवळ उभ्या राहतील, उजवा हात भिंतीला टेकवतील आणि डाव्या हातातली काठी काट्यावर टेकवून काटा सहावर येईपर्यंत दाबतील. रोज सकाळ-संध्याकाळ पाच-सात वेळा एवढे केले, की आठवड्याभरात काट्याकडे न पाहताही हात तेवढेच दाबू लागतो.